पान्याची पारख
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जमशेदपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि इतिहास या विषयांवरील विवेचन आपण ऐकले. आजचा विषय त्या मानाने ग्रीसने माखलेला आहे. मोटारसायकलच्या नट-बोल्टांसाठी हातहत्यारे कशी निवडावीत, याविषयी चार गोष्टी सांगण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आणि ती आम्ही आनंदाने शिरोधार्य मानली. ज्या गावी १९१२ साली पोलादाची पहिली लगड निघाली, त्या गावात या विषयाचे वावडे असण्याचे कारण नाही. दर वर्षी बहुधा १७ सप्टेंबरला येथे विश्वकर्मापूजा होते, आणि आपल्या घरांतून खंडेनवमीला पाना, पकड, हातोडी यांना हळदकुंकू लागते. वर्षातून एकदा ज्यांची आपण पूजा करतो, ती हत्यारे उरलेले दिवस त्या मानास पात्र असतात काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. वाईट पाना स्वतः क्वचितच मोडतो. तो बोल्ट खराब करतो. बाजारात थोडे पैसे वाचतात आणि त्यांची भरपाई गाडीला करावी लागते. इंजिनच्या झाकणातले आटे एकदा गेले, की पान्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. म्हणून हत्यार निवडताना ते किती चमकते यापेक्षा ते बोल्टच्या डोक्यावर कसे बसते, हे आधी पाहावे.

हे असे का होते, ते थोडे समजून घेऊ. बोल्टच्या षट्कोनी डोक्याला सहा सपाट बाजू आणि सहा कोपरे असतात. पाना नीट बसला तर त्याचा दाब बाजूंच्या बऱ्याच भागावर पसरतो. तो सैल असला तर आधी आपल्याच जागी थोडा फिरतो आणि मग कोपऱ्याच्या अगदी जवळ टेकतो. सगळा जोर त्या चिंचोळ्या कडेवर येतो, धातू दबतो आणि कोपरा गोल होतो. पुढच्या खेपेस पाना आणखी फिरतो, कोपरा आणखी झिजतो. शेवटी षट्कोनाची गोटी होते आणि छिन्नी-हातोडीचा प्रयोग सुरू होतो. यात कोणाच्या मनगटाचा दोष नसतो. तो मेळ न जुळल्याचा परिणाम असतो.

आता हा मेळ आपल्याकडे का चुकतो, याला थोडा इतिहास आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची हत्यारांची पेटी असेल. त्यांतील पाने जड, सुबक आणि भरवशाचे असतात. मुलगा ती पेटी घेऊन आपल्या नव्या गाडीपाशी बसतो आणि एकही पाना धड लागत नाही. पाने उत्तम आहेत आणि गाडीही उत्तम आहे. परंतु दोघांची मापे वेगळ्या घराण्यांतली आहेत.

इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे एक प्रमाण सुचवले. त्यांतील आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. १९५५ साली मद्रासेत बुलेट गाडीच्या जुळणीस प्रारंभ झाला, तेव्हा या गाडीबरोबर इंग्रजी आटे आणि इंग्रजी पाने आले, आणि पुढे बरीच वर्षे टिकले. या पान्यांची एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्यावर कोरलेला आकडा जबड्याचे माप सांगत नाही, तो बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचा जबडा पाव इंच नसून ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर असतो. त्या नटावर १३ चा पाना जात नाही, आणि १४ चा लावला तर जवळजवळ पाऊण मिलिमीटर मोकळी जागा राहते. जुन्या बुलेटचे कित्येक नट या १४ च्या पान्याने गोल केले आहेत. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांनी वडिलांची पेटी भंगारात देऊ नये. त्या गाडीसाठी तीच खरी.

आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली. म्हैसुरात तयार होणारी जावा चेकोस्लोव्हाकियाच्या आराखड्यावर होती, राजदूत पोलंडच्या. त्या दोन्ही मिलिमीटरच्या घराण्यातल्या. १९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी कंपन्यांच्या सहकार्याने बांधलेल्या गाड्या आल्या आणि रस्त्यांचे रूपच पालटले. त्यांची मापेही मिलिमीटरमध्येच होती, परंतु तेथेही एक भेद आहे. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके युरोपीय प्रमाणानुसार १३ चे असते, तर जपानी गाड्यांवर बहुधा १२ चे. दहा मिलिमीटर बोल्टला युरोपीय प्रमाणात १६ किंवा १७, जपानी गाडीवर बहुधा १४. म्हणून दुकानातला ‘सर्वांसाठी एकच’ असा भला मोठा संच घेतला, तर त्यातले निम्मे पाने पेटीतच म्हातारे होतात. जपानी धाटणीच्या गाडीस ८, १०, १२, १४, १७ आणि १९ एवढ्या मापांत बहुतेक काम भागते. एवढीच घ्यावीत, पण चांगली घ्यावीत.

षट्कोनी खाचेचे बोल्ट, ज्यांना आपण ॲलन बोल्ट म्हणतो, त्यांचेही असेच आहे. पाच मिलिमीटरच्या खाचेत तीन-षोडशांश इंची चावी सहज शिरते, कारण ती ४.७६ मिलिमीटर असते. ती शिरते म्हणून ती बरोबर आहे असे वाटते. पण जोर लावताच खाच गोल होते, आणि खाच गोल झालेला बोल्ट काढणे हे डोके गोल झालेला बोल्ट काढण्याहून कठीण. ४, ५, ६ आणि ८ मिलिमीटर या चार चाव्या चांगल्या पोलादाच्या असाव्यात. चावीचे टोक झिजून गोलसर झाले असेल तर ती बदलावी. ती वापरत राहणे ही काटकसर नव्हे.

सर्वांत अधिक अन्याय होतो तो चौफुलीच्या स्क्रूंवर. १९३० च्या दशकात अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांच्या नावाने चौफुलीचा स्क्रू प्रचारात आला. त्याच्या पेचकसाच्या टोकाला उतार असतो, त्यामुळे जोर वाढला की टोक खाचेतून वर उसळते. जपानी गाड्यांवरील स्क्रू दिसायला तसाच असतो, पण त्याची खाच किंचित वेगळी असते. फिलिप्स पेचकसाचे टोक तिच्या तळाशी आधी टेकते आणि बाजू पुरत्या भिडत नाहीत. परिणाम आपण पाहतोच: मॅग्नेटोच्या झाकणावरील स्क्रूंची फुले झालेली असतात. जपानी प्रमाणाच्या स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीकसा ठिपका असतो. तो दिसला तर जपानी प्रमाणाचाच पेचकस घ्यावा. क्रमांकही जुळवावा. पाच मिलिमीटरपर्यंतच्या सामान्य स्क्रूला दोन क्रमांक आणि सहा मिलिमीटरच्या स्क्रूला तीन क्रमांक लागतो. घरोघरी दोन क्रमांकाचा पेचकस असतो आणि त्यानेच सारी कामे उरकली जातात; निम्मे नुकसान तेथेच होते. जाम बसलेल्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकण्याचा इम्पॅक्ट पेचकस मिळतो. वरून घाव बसला की तो टोक खाचेत दाबून धरतो आणि त्याच क्षणी थोडा फिरवतो. टोक दाबून धरल्याने ते वर उसळत नाही.

येथवर मेळाचा विचार झाला. आता पोलादाचा. चांगला पाना तप्त पोलाद साच्यात घडवून तयार करतात. जाड पत्र्यातून कापलेला पाना दिसायला तसाच दिसेल, पण त्याचा जबडा जोराखाली फाकतो. घडल्यानंतर पोलादाला पाणी द्यावे लागते. लोहारकामातला हा जुना शब्द आपल्या भाषेने माणसालाही लावला आहे. कोणाचे पाणी किती खोल आहे ते आपण जोखतो. पोलाद तापवून एकदम थंड केले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. पहिली क्रिया अपुरी राहिली तर पाना मऊ, दुसरी अपुरी राहिली तर तो तुटणारा. क्रोमियम आणि व्हॅनेडियम या धातूंचा अंश असलेले पोलाद या कामी उत्तम ठरले आहे. मात्र पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी अक्षरे उमटवायला साधा ठसा पुरतो, हे विसरू नये. वरचा चकाकता मुलामा गंजापासून रक्षण करतो. पान्याचे बळ वाढवत नाही.

आकाराचेही महत्त्व आहे. उघड्या जबड्याचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. त्याचे डोके दांड्याशी साधारण १५ अंश कललेले असते ते अडचणीच्या जागेसाठी. पाना उलटा करून लावला की ३० अंशांच्या हालचालीतही नट फिरवता येतो. रिंग पाना नटाला सर्व बाजूंनी कवेत घेतो. म्हणून घट्ट नट सैल करताना आणि शेवटचा जोर लावताना रिंग पाना वापरावा, मधले फिरवण्याचे काम उघड्या पान्याने करावे. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडा जबडा, दोन्ही एकाच मापाचे, असा पाना मिळतो. मोटारसायकलवाल्याला तो फार सोयीचा. गोटी पान्यांत बारा खाचांची गोटी पटकन बसते, पण सहा खाचांची गोटी बाजूंना अधिक भिडते. जुन्या, गंजलेल्या गाडीसाठी सहा खाचांचीच गोटी घ्यावी. प्लगचा पाना आपल्या प्लगचे माप पाहून घ्यावा. गाडीगाडीत २१, १८ किंवा १६ असा फरक असतो.

आता दुकानात काय पाहावे? आमची सूचना अशी की, सुट्या भागांच्या दुकानातून आपल्या गाडीचे दोन-तीन नवे बोल्ट विकत घ्यावेत आणि ते खिशात टाकून हत्यारांच्या दुकानी जावे. पाना बोल्टवर बसवून हलवून पाहावा. अगदी थोडी हालचाल असणारच, कारण जबडा नाममात्र मापाहून किंचित मोठाच ठेवावा लागतो. पण डुलणारा पाना परत करावा. जबडा उजेडासमोर धरून त्याच्या दोन्ही बाजू समांतर आहेत का ते पाहावे. रिंगच्या आतील खाचा स्वच्छ कापलेल्या असाव्यात, त्यांत मुलाम्याचे थेंब साचलेले नसावेत. उत्पादकाचे नाव आणि माप ठळक, खोल उमटलेले असावे. भारतीय मानकांत उघड्या पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ आहे. वेष्टनावर किंवा सूचीपत्रात त्याचा उल्लेख शोधावा. चांगल्या हत्यारांसाठी परदेशाकडेच पाहावे लागते, असे मुळीच नाही. जालंधर, लुधियाना, नागौर आणि आपले नाशिक या गावांतून उत्तम हातहत्यारे घडतात, आणि जालंधरची तर परदेशी जातात. नामवंत मालाच्या नकलाही निघतात, म्हणून पदपथावर स्वस्त मिळणाऱ्या प्रसिद्ध नावापेक्षा अधिकृत विक्रेत्याची पावती बरी.

गाडीबरोबर जी छोटी पिशवी येते, तिच्याविषयीही एक शब्द. ती हत्यारे वाटेत अडलेल्या माणसाला घरी पोचवण्यासाठी असतात. दर महिन्याच्या देखभालीचा भार त्यांच्यावर टाकू नये.

उत्तम पानाही अविचारी हाती नुकसान करतोच. पान्याची लांबी त्याच्या मापाच्या प्रमाणात ठेवलेली असते, त्यामागे हिशेब आहे. सहा मिलिमीटरचा सामान्य बोल्ट सुमारे १० न्यूटन-मीटर, म्हणजे जुन्या भाषेत साधारण एक किलोग्रॅम-मीटर, इतका पिळला की पुरे. १० च्या पान्यावर हात नटापासून सुमारे १२ सेंटिमीटरवर पडतो असे धरले, तर तेथे साडेआठ किलोचा जोर हवा; मनगटाने सहज लागतो तेवढाच. त्याच पान्यावर नळी चढवून हात ३० सेंटिमीटरवर नेला, तर त्याच जोराने अडीचपट पीळ बसतो. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनचे कवच ॲल्युमिनियमचे. बोल्ट तुटतो, नाहीतर कवचातले आटे ओरबाडून निघतात. मग भोक मोठे करून, नवे आटे पाडून, त्यात तारेचे वेटोळे बसवणे आले. ‘जितके घट्ट तितके चांगले’ ही समजूत सोडून द्यावी. बोल्ट बेताने ताणला की तो स्प्रिंगसारखा दोन भागांना आवळून धरतो. अति ताणला की त्याची ती शक्तीच संपते.

हा बेत हाताला आपोआप कळतो असे पुष्कळ जण म्हणतात. अनुभवी कारागिराच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे असेल. परंतु दिवसभर काम करून हात थकला की त्याचे मापही बदलते. म्हणून महत्त्वाच्या जागी टॉर्क पाना वापरावा. ठरलेल्या पिळाला तो ‘टक्’ असा आवाज करून सांगतो. त्याने नट सैल करण्याचे काम करू नये, आणि काम झाल्यावर त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा, म्हणजे आतील स्प्रिंग शिणत नाही. किती पीळ हवा, तो आकडा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असतो. तो कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, तेही वाचावे. तेल लावल्यास तेवढ्याच पिळात बोल्ट अधिक ताणला जातो.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशासाठी? गल्लीच्या तोंडाशी मिस्त्री बसलेला आहेच. आम्हांस मिस्त्रींचा अनादर करावयाचा नाही. उलट, चांगला मिस्त्री ओळखण्याची दृष्टी आपल्याला यावी असेच वाटते. त्याच्या हत्यारांकडे पाहा. पाने पुसून मापाप्रमाणे लावलेले असतील, हातोडी कोपऱ्यात आणि रिंग पाना हाताशी असेल, तर निःशंक मनाने गाडी द्यावी. सगळ्या नटांना एकच स्क्रू पाना आणि सगळ्या स्क्रूंना एकच पेचकस लागत असेल, तर नमस्कार करून पुढे जावे.

ही गोष्ट पैशांपुरतीच असती, तर आम्ही आपला एवढा वेळ घेतला नसता. मागच्या चाकाच्या आसाचा नट, ब्रेकचे बोल्ट, हँडलच्या पकडीचे बोल्ट, हे गोल झाले की कोणी त्यांना मनाजोगे आवळू शकत नाही. ‘सध्या चालेल’ असे म्हणून ते तसेच राहतात. सकाळी त्याच गाडीवर पुढे लेक बसतो आणि मागे सून, कधी दोघांच्या मध्ये नातवंड. दरीच्या वाटेने दलमाच्या पायथ्याशी किंवा महामार्गावर ट्रकांच्या रांगेत, त्या तिघांचा भार त्या दोन-चार नटांवर असतो. ते शेवटचे कोणी, कोणत्या पान्याने आवळले, हे त्यांना ठाऊक नसते. हे ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा विषय आहे.

शेवटी मंडळापुढे एक नम्र विनंती ठेवतो. टॉर्क पाना, इम्पॅक्ट पेचकस आणि जपानी मापाचे दोन पेचकस प्रत्येकाने विकत घ्यावेत अशी गरज नाही. वर्षातून चार वेळाच ते लागतात. आपले मंडळ पन्नास वर्षांचे होत आहे. मंडळाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक लहानसे हत्यारांचे कपाट असावे. पुस्तकाप्रमाणेच नोंदवहीत सही करून सभासदाने हत्यार न्यावे आणि पुसून, तेलाचा हात फिरवून परत आणावे. ज्यांच्या घरी व्हिटवर्थचे जुने पाने धूळ खात पडले आहेत, त्यांनी ते या कपाटास द्यावेत; जुन्या बुलेटवाल्या सभासदांचे आशीर्वाद मिळतील. येत्या खंडेनवमीस या कपाटाची पहिली पूजा व्हावी, आणि त्या दिवशी आम्हांस बोलावल्यास दोन तास बसून प्रत्यक्ष गाडीवर हे सारे दाखवण्याची आमची तयारी आहे. येताना आपल्या गाडीचा एक बोल्ट खिशात घालून यावे.